वाळूतली एक संध्याकाळ आणि उंट

दिवाळी उलटली की या सदराच्या टपालात राजस्थान वाढू लागतं. यंदा एकट्या जैसलमेरच्या उंटसफारीबद्दल इतकी पत्रं आली आहेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पशुवैद्यक. नोकरीची वर्षं गाईम्हशी आणि शेळ्यामेंढ्यांत गेली. उंट नीट समजून घेतला तो बिकानेरच्या राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्रात, आणि तेव्हापासून थारच्या वाटेवर जाणं सुरूच आहे. त्यामुळे उत्तरं देताना माझी नजर आधी जनावराकडे जाते.

आमच्याकडे जैसलमेरला एकच दुपार आहे. कॅम्पवाले म्हणतात, ‘चार ते नऊ, उंटसफारी, सूर्यास्त, सांस्कृतिक कार्यक्रम, जेवण.’ एवढ्यात वाळवंट पाहून होईल का? आणि समला जावं की खुरीला? (एक कुटुंब, नाशिक)

एक दुपार पुरते, पण ती चारला सुरू करू नका. सम जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर आहे. चारला शहरातून निघालात तर पोहोचून चहा होईपर्यंत साडेपाच वाजतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या थोडा आधीच मावळतो. मग अख्ख्या गर्दीसोबत घाईघाईनं उंटावर चढायचं, वीस मिनिटांत एका टेकडीवर उतरायचं आणि फोन काढायचा, एवढंच हाती राहतं. अडीचला निघा. वाटेत कुलधरा आहे, पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं गाव. तिथं भुताखेतांच्या गोष्टी ऐकवतील, त्यापेक्षा घरांची आखणी आणि रस्त्यांची रुंदी बघा. इतक्या कमी पावसात ही माणसं शेती करत होती! तिथून चारपर्यंत सम गाठता येतं आणि साडेचारला उंटावर बसता येतं. जानेवारीच्या अखेरीस सूर्यास्त सव्वासहाच्या पुढे जातो आणि फेब्रुवारी संपताना पावणेसातच्या जवळ, तेव्हा त्या हिशेबानं सगळं पुढे सरकवा.

पैसे देण्याआधी एकच प्रश्न नेमका विचारा: उंटाच्या पाठीवर प्रत्यक्ष किती वेळ? ‘सफारी’ म्हणून सांगितलेली फेरी पुष्कळदा अर्ध्या-पाऊण तासाची असते. सव्वा तास मागा. त्याहून जास्त वेळ पहिल्यांदा बसणाऱ्यानं मागू नये, मांड्या बोलायला लागतात.

सम की खुरी? समची वाळू उंच आहे, सोयी भरपूर आहेत आणि माणसंही भरपूर. खुरी नैर्ऋत्येला आहे, अंतर थोडं जास्त, टेकड्या बुटक्या, पण गाव अजून गावासारखं आहे आणि उंटवाला तुमच्याशी बोलतो. माझा कौल खुरीला. समलाच जायचं ठरलं असेल तर पहिल्या टेकडीवर थांबू नका, दोन-तीन कडे ओलांडून पुढे चला. माघ पौर्णिमेच्या सुमाराला मरू महोत्सव असतो, तेव्हा समला पाय ठेवायला जागा नसते. महोत्सवासाठीच येत असाल तर गोष्ट वेगळी.

आता सूर्यास्ताबद्दल. तो उंटावरून बघू नका. सूर्य क्षितिजाच्या चार बोटं वर असतानाच उतरा आणि वाळूवर बसा. थारच्या हवेत धूळ असते, त्यामुळे सूर्य पुष्कळदा क्षितिजाला टेकण्याआधीच फिकट होत विरून जातो, आणि शेवटच्या मिनिटाला धावत येणाऱ्यांना काहीच दिसत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात तिरप्या उजेडात वाळूवरची प्रत्येक रेघ उठून दिसते, किड्यांच्या पावलांची नक्षीसुद्धा. सूर्य बुडाला की सगळे उठून कॅम्पकडे निघतात. तुम्ही बसून राहा आणि पाठ फिरवून पूर्वेकडे बघा. क्षितिजालगत निळसर करडा पट्टा वर चढताना दिसेल, त्याच्यावर गुलाबी झाक. तो करडा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली. आपल्या शहरांतून ती इमारतींमागे हरवते, इथं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसते. दहा-पंधरा मिनिटांचा हा खेळ आहे, आणि मला तो सूर्यास्ताहून जास्त आवडतो.

तारीख हाती असेल तर कालनिर्णय उघडा. चतुर्दशी किंवा पौर्णिमा साधली तर एका बाजूला सूर्य उतरत असताना दुसऱ्या बाजूला चंद्र वर येतो. तारे हवे असतील तर अमावास्येच्या आसपास जा.

आईचं वय ६६, दोन वर्षांपूर्वी एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तिला उंटावर बसायची फार हौस आहे. भाचा पाच वर्षांचा. दोघांना बसवावं का? (एक वाचक, सांगली)

हौस आहे हे वाचून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते. उंट चालताना अडचण कमी येते. पडझड होते ती उंट उठताना आणि बसताना. बसलेला उंट आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे फेकला जातो. मग पुढचे पाय उठतात आणि तो मागे झुकतो. बसताना उंट आधी पुढचे गुडघे टेकतो, म्हणजे पुन्हा पुढेच झोका. दोन्ही वेळा अंग मागे टाकायचं, पलाणाची, म्हणजे उंटाच्या खोगिराची, पुढची लाकडी मूठ दोन्ही हातांनी धरायची आणि कोपरं ताठ करायची नाहीत. हे आईंना घरी खुर्चीवर बसून दोनदा करून बघू दे.

दुसरी अडचण मांड्यांची. उंटाची पाठ आणि पलाण मिळून रुंदी चांगलीच होते, त्यामुळे पाय बराच वेळ फाकलेले राहतात. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यापेक्षा खुब्यांवर आणि कमरेवर ताण येतो. वर उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र टाकतो, म्हणून स्वार डावी-उजवीकडे झुलतो. या झुलण्यानं मणक्याचं दुखणं चाळवतं. म्हणून शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना विचारा, आणि हाडं ठिसूळ असल्याचं कधी सांगितलं असेल तर तेही त्यांना आठवण करून द्या. डॉक्टर हो म्हणाले तर दहा-पंधरा मिनिटांची सपाटीवरची फेरी घ्या, रिकिबी असलेलं पलाण मागा आणि दोरी धरून माणूस पुढे चालत असेल तरच बसा. पाय लोंबकळत ठेवले तर पाच मिनिटांत दुखू लागतात, रिकिबीनं मोठा फरक पडतो.

डॉक्टर नाही म्हणाले तर उंटगाडी आहे. रबरी टायरांची, सपाट फळ्यांची, वर गादी टाकलेली. भाच्यालाही तिच्यातच आजीजवळ बसवा. पाच वर्षांच्या मुलाला उंटावर एकट्यानं बसवू नये. मोठ्यांच्या पुढ्यात बसवलंत तरी उंट उठताना एका हातानं मूल आणि एका हातानं मूठ धरणं जमत नाही. गरोदर बाईंनी आणि मणक्याची गादी सरकलेल्यांनी उंटावर बसूच नये, तिथं कुणी कितीही ‘कुछ नहीं होता’ म्हणालं तरी.

गेल्या डिसेंबरात आमच्या उंटाच्या तोंडातून एकाएकी लाल फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलं, गडगड आवाज आला आणि फेस गळायला लागला. उंटवाला हसला. उंट आजारी होता का? (एक वाचक, ठाणे)

आजारी नव्हता. तो वयात आलेला नर होता आणि हिवाळा हा उंटांचा मस्तीचा काळ असतो. टाळूचा मागचा मऊ भाग हवेनं फुगवून नर तो तोंडाच्या कडेनं बाहेर काढतो आणि गुरगुरतो, मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला दम द्यायला. डोक्यामागे, कानांच्या पाठीला असलेल्या ग्रंथींतून काळपट, उग्र वासाचा स्राव येतो. दात खातो, चारा कमी करतो, अंगानं वाळतो.

आजार नसला तरी हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. पर्यटकांचा हंगाम आणि उंटांच्या मस्तीचा हंगाम नेमका एकच येतो. मस्तीतला नर चावतो, आणि उंटाचा चावा साधा नसतो. फुगा, फेस, कानामागे ओलसर काळा डाग यांतलं काही दिसलं तर दुसरा उंट मागा. मादी किंवा खच्ची केलेला उंट मिळाला तर उत्तम. आणि कुठल्याही उंटाच्या तोंडाशी तोंड नेऊन फोटो काढू नका, हे मी दरवर्षी लिहिते आणि पुढेही लिहीत राहणार.

उंटावर बसणं म्हणजे मुक्या जनावराचे हालच ना? मैत्रिणी जाणार आहेत, मला जावंसं वाटत नाही. (एक विद्यार्थिनी, पुणे)

तुझं वाटणं योग्य जागेवरून आलेलं आहे, आणि ते बाळगूनही जाता येईल. देशात २०१२ च्या पशुगणनेत उंट चार लाखांच्या घरात होते, २०१९ ला अडीच लाख. ट्रॅक्टर आणि जीप आल्या, उंटाचं काम गेलं. गावांची गायरानं कुंपणात गेली, चरायला जागा उरली नाही. पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणाऱ्या रायका-रेबारी घरांतली मुलं शहरांत मजुरीला जातात. राजस्थाननं २०१४ साली उंटाला राज्यपशू केलं, २०१५ साली कत्तलीवर बंदी आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला, तरी पाळणाऱ्याला उंट परवडला नाही तर कायदा तो कशावर जगवणार? जैसलमेरजवळच्या घरांना सफारीच्या मिळकतीवर उंट ठेवता येतो. म्हणून मी ‘जाऊ नकोस’ असं सांगणार नाही. मात्र उंट पारखून घे.

पलाण चढवण्याआधी पोहोचलीस तर पाठ दिसते. वशिंडाच्या दोन्ही बाजूंना आणि पोटपट्ट्याखाली जखमा, केस गेलेले चट्टे किंवा ओलसर भाग आहे का बघ. नाकात लाकडी खुंटी असते, तिच्याभोवती पू, रक्त किंवा माश्या नकोत. चार पावलं चालवून दाखवायला सांग, लंगडतोय का ते कळतं. वशिंड ताठ असेल तर खाणं बरं आहे, कारण तिथं पाणी नसतं, चरबी असते, आणि उपासमारीत ती उतरते. मोकळ्या वेळी निवांत रवंथ करणारा उंट बघून मला नेहमी हायसं वाटतं. एका उंटावर दोन मोठी माणसं बसवायचा आग्रह झाला तर सरळ नकार दे, दोघींचे दोन उंट घ्या. मार देणारा, दोरीला हिसके देणारा माणूस दिसला तर तिथून निघ आणि कारण मोठ्यानं सांगून निघ. चार गिऱ्हाईकं अशी गेली की फरक पडतो, हे मी पाहिलं आहे.

जेवण आम्हाला झेपेल का? आम्ही कांदा-लसूण खात नाही. (एक दांपत्य, कोल्हापूर)

आदल्या दिवशी फोन करून सांगा, अडचण येत नाही. तिकडे जैन पाहुणे नेहमीचे. लाल लसणाची चटणी तेवढी ताटात वाढू नका म्हणावं. दाल-बाटी-चुरमा असतंच. बाटी गरम असतानाच फोडून तुपात बुडवून खा, गार झाली की दगड. पण माझं म्हणणं, केर-सांगरी आहे का ते विचारा. केर ही काटेरी झुडपाची फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दोन्ही उन्हाळ्यात तोडून वाळवून ठेवतात आणि वर्षभर पुरवतात. पाणी कमी म्हणून तिकडच्या स्वयंपाकात ताक, दही आणि बेसन जास्त, कढी आणि गट्टे त्यातूनच आले. ताटात बाजरीची भाकरी आली तर पोळी बाजूला ठेवा.

कपडे? आणि ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ बघण्यासारखा असतो का? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

पूर्ण पायाची सैल सुती विजार, डोक्याला-तोंडाला गुंडाळायला मोठी ओढणी किंवा उपरणं, फोनला गळ्यात अडकवायची दोरी. आणि स्वेटर, कानटोपी. दुपारी घाम येतो म्हणून गरम कपडे गाडीत राहतात आणि आठ वाजता सगळे कुडकुडतात. कोरड्या हवेत वाळू झपाट्यानं थंड होते, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो.

कार्यक्रमाचं म्हणाल तर तो कोण करतं यावर आहे. या भागातले मांगणियार हे पिढीजात गाणारे. स्वतः मुसलमान, यजमान बहुतेक राजपूत, आणि लग्न, जन्म, मरण सगळ्याला त्यांचं गाणं. कमायचा नावाचं त्यांचं गजानं वाजवायचं वाद्य जवळ बसून ऐका. त्याचा मोठा वादक साकर खान जैसलमेरजवळच्या हमीरा गावचा, २०१२ साली पद्मश्री मिळालेला. कॅम्पवर बहुधा ध्वनिवर्धक आणि सिनेमाची गाणी लावतात. ठरवतानाच सांगा की ते नको, कमायचा आणि खडताल (लाकडी चिपळ्या) वाजवणारे बोलवा. गोंगाट टाळायला आणखी एक कारण आहे. हा सगळा परिसर डेझर्ट नॅशनल पार्कचा आणि त्याच्या कडेचा. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला जो माळढोक पक्षी आता दिसणं दुर्मीळ झालंय, त्याचा शेवटचा मोठा आसरा इथं आहे, आणि समलाच त्याचं प्रजनन केंद्र आहे.

गाणाऱ्यांना आणि उंटवाल्याला द्यायचं ते त्यांच्या हातात द्या, कॅम्पच्या बिलात मिसळू नका. सुट्या नोटा शहरातूनच बरोबर न्या, वाळूत मोड मिळत नाही.