पियानोला घालायची घाई नको, ताई

मुलाला पियानोच्या क्लासला आता घालू का, असं तुम्ही विचारलंत. वय पाच झालं म्हणजे क्लास लावायलाच हवा, असं नाही. माझ्या लेकीला मी साडेपाचला बसवलं, रोज रडारड. सातव्या वर्षी ती स्वतःच शेजाऱ्यांच्या पेटीवर सूर शोधत बसली, तेव्हा मला उमगलं, वयापेक्षा मुलाची तयारी बघावी.

तुमचा पोरगा दहा मिनिटं एका जागी बसतो का? टेबलावर हात ठेवायला सांगा. अंगठा एक, करंगळी पाच, असे आकडे म्हणत एकेक बोट टेकवू दे. अनामिका सगळ्यांनाच जड जाते, त्याची काळजी नको. रंकाळ्यावर फिरताना टाळी ठेक्यात पडते का, तेही ऐका.

लगेच ८८ पट्ट्यांचा पियानो नको. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरे, फक्त दाबाप्रमाणे आवाज लहान-मोठा होणारा घ्या.