कॅम्पिंगला गेल्यावर वटवाघळांचे आवाज फोनवर ऐकता येतील का?

नुसत्या फोनवर नाही. हेटरोडाइन बॅट डिटेक्टर (वटवाघळांचे माणसाला ऐकू न येणारे उंच आवाज खाली आणून ऐकवणारं छोटं यंत्र) किंवा फोनला जोडायचा अल्ट्रासॉनिक माइक (असे उंच आवाज टिपणारा) लागतो. फोन सहसा आवाजाचे सेकंदाला 48 हजार नमुने घेतो (48 किलोहर्ट्झ), त्यात त्याच्या निम्म्या, म्हणजे 24 किलोहर्ट्झच्या वरचं काही उतरत नाही, आणि कीटक खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांच्या हाका त्याहून वरच्या असतात. सूर्यास्तानंतर तळ्याकाठी उभे राहा, डिटेक्टर 45 किलोहर्ट्झवर लावा, मग 40 ते 60 मध्ये सावकाश फिरवा. डिटेक्टरवर हाका टकटक अशा ऐकू येतात; ती टकटक वेग घेत घेत सलग 'बर्रर' झाली की वटवाघूळ किड्यावर झडप घालतंय. खरी मजा तिथेच आहे! नायलॉन जॅकेटची सळसळ, किल्ल्या, रातकिडेही यात वाजतात, म्हणून झुडपांपासून लांब थांबा. मोठी फळखाऊ वटवाघळं मात्र डोळ्यांनी वाट काढतात, ती डिटेक्टरवर ऐकू येणार नाहीत.