रडू आलं की भीती वाटली?

प्रश्न: मी आणि कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलाने '१२ इयर्स अ स्लेव्ह' बघितला. मला रात्री झोप नाही, जेवतानाही तेच डोळ्यासमोर. मुलगा मात्र "भारी होता गं, काय राक्षस होते तेव्हाचे लोक" म्हणाला आणि मोबाइल घेऊन बसला. तो निबर झालाय की मीच जास्त मनाला लावून घेते?
- एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, पोरगं निबर-बिबर काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका. पण तो राक्षस म्हणाला ना, खरी गोम तिथेच आहे. त्यातला मळेवाला एप्स इतका क्रूर आहे की बघणारा लगेच सुटतो, मी काही असा नाही बुवा, झालं, विषय संपला. त्यात गोष्ट अमेरिकेतली, १८४१ ते १८५३ मधली, म्हणजे अजूनच लांबची वाटते.

मला विचाराल तर सगळ्यात बोचणारा सीन चाबकाचा नाहीच. सॉलोमनला, म्हणजे पळवून गुलाम केलेल्या त्या काळ्या नायकाला, फास लावून झाडाला टांगलंय, पायाची बोटं जेमतेम चिखलाला टेकतायत, घसरला की संपला, आणि कॅमेरा हटतच नाही. मागे बाकीचे गुलाम आपापल्या कामाला लागलेत, पोरं खेळतायत, मालकीण सज्जातून बघतेय, आणि आपणही सोफ्यावरून बघतोच आहोत की! हा सीन मुलाला आठवतो का विचारा, बहुतेक नाही आठवणार, त्यात कोणी राक्षस दिसत नाही ना.

आता पिक्चरने माणूस बदलतो का, तर वाईटाकडे नक्की बदलतो. १९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये काळे लोक गुंड (त्यातले बरेच तर तोंडाला काळं फासलेले गोरे नट!) आणि कू क्लक्स क्लानवाले (काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना) हिरो. त्याच वर्षी बंद पडलेली क्लान जॉर्जियात परत उभी राहिली. पुढे १९३० च्या आसपास इलिनॉयमधल्या एका गावात शाळकरी पोरांना तोच पिक्चर दाखवून आधीची-नंतरची मतं तपासली, तर काळ्यांबद्दलची मतं चक्क बिघडलेली निघाली, काही महिन्यांनी पुन्हा विचारलं तरी पुरती सुधारलेली नव्हती.

मुलाला आता जॉर्डन पीलचा 'गेट आऊट' दाखवा, २०१७ चा, हॉरर आहे म्हणजे आनंदाने बसेल. त्यात राक्षस नाहीत, गोड बोलणारी शिकलेली माणसं आहेत, नायक ख्रिस काळा, त्याच्या गोऱ्या मैत्रिणीचा बाप त्याला सांगतो की जमलं असतं तर मी ओबामाला तिसऱ्यांदाही मत दिलं असतं. (शेवट फोडतेय, सॉरी.) ख्रिस कसाबसा जीव वाचवून रस्त्यावर येतो, शेजारी तीच गोरी मैत्रीण रक्तबंबाळ पडलीये, आणि तेवढ्यात पोलिसांसारखे दिवे लुकलुकत येतात. एरवी पिक्चरमध्ये पोलीस आले की आपण हुश्श करतो, इथे पोटात गोळा येतो, काळा म्हणून पोलीस यालाच गुन्हेगार धरणार, आता हा मेला! गाडीच्या दारावर 'एअरपोर्ट' दिसतं, विमानतळावर नोकरी करणारा त्याचा मित्र उतरतो, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडतो. पीलने आधी खरे पोलीस येऊन ख्रिसला पकडतात असाच शेवट शूट केला होता.

सॉलोमनसाठी रडताना आपण सज्जातच असतो, इथे मात्र काही सेकंद का होईना पण ख्रिसच्या जागी उभं राहून घाबरतो. गाडी आली की पॉज करा आणि मुलाला एवढंच विचारा, पोलीस तर मदतीला येतात ना, मग तू का दचकलास? पुढे लेक्चर नको. आणि तुम्ही हा पिक्चर दुपारी बघा, रात्री अजिबात नको.