ओगबेचे कसा टिकला: एका तरुण फॉरवर्डला पत्र

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. नवा क्लब, नवं राज्य, एका हंगामाचा करार. आणि पेठेत चर्चा अशी की हा पोरगा कुठंच टिकत नाही, तीन वर्षांत तिसरा क्लब. तुला ते लागलंय हे तुझ्या दोन ओळींतच दिसलं. फोनवर तू नुसतं ‘हो सर’ म्हणतोस, म्हणून सविस्तर लिहितो. सावकाश वाच.

बार्थोलोम्यू ओगबेचे तुला माहीत आहे. हैदराबादच्या पिवळ्या जर्सीतला उंच नायजेरियन फॉरवर्ड. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2021-22 च्या हंगामात त्याच्याच ड्रेसिंग रूममध्ये होता, त्यामुळे तुम्ही पोरांनी त्या वर्षीचे सामने जागून पाहिले. पण तुम्ही पाहिलात तो प्रवासाचा शेवटचा टप्पा. आधीचा भाग तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे असं मला वाटत नाही, आणि तुझ्या कामाचा आहे तो तोच.

त्याचा जन्म 1984 चा, नायजेरियातल्या ओगोजाचा. कोवळ्या वयात तो पॅरिसला पीएसजीत, म्हणजे पॅरिस सेंट-जर्मेन या मोठ्या क्लबात गेला. त्या संघात तेव्हा जे-जे ओकोचा होता, रोनाल्डिन्यो होता. 2002 च्या वर्ल्डकपला हा पोरगा 17 वर्षांचा होता आणि अर्जेंटिनाविरुद्ध नायजेरियाच्या पहिल्या अकरात उतरला. समोर बातिस्तुतासारखा नावाजलेला फॉरवर्ड. पुढच्या सामन्यात स्वीडनविरुद्धही तो सुरुवातीपासून खेळला. सतराव्या वर्षी जपानमध्ये वर्ल्डकप खेळलेल्या मुलाबद्दल लोकांनी काय काय भाकितं केली असतील, तूच विचार कर.

त्यानंतर तो वर्ल्डकप पुन्हा कधी खेळला नाही. पीएसजीने त्याला लोनवर, म्हणजे काही काळापुरतं उसनं, बास्तियाला पाठवलं, मग मेट्झला. तिथून अबुधाबीचा अल जझिरा. मग स्पेनमध्ये अलावेस, वायादोलिद, कादिझ. मग ग्रीसमधलं कावाला, इंग्लंडमध्ये दुसऱ्या स्तरावर मिडल्सब्रो, पुन्हा स्पेनमध्ये हेरेस, आणि नंतर नेदरलँड्समध्ये आधी कांब्युर, मग विलेम टू. ही यादी आपल्या कट्ट्यावर वाचून दाखवली तर कुणीतरी म्हणेलच, ‘पीएसजीतून कुठं घसरला बघा!’ मला ती यादी तशी दिसत नाही. फॉरवर्डच्या जागेसाठी प्रत्येक क्लबच्या दारात माणसं उभी असतात. त्या गर्दीत वर्षामागून वर्ष, देशामागून देश, कुणीतरी त्याला करार देत राहिलं. प्रत्येक ठिकाणी नवा कोच, नवी भाषा, नवी थंडी, आणि ‘हा कोण?’ असं बघणारे नवे सहकारी. तिथं पीएसजीचं किंवा वर्ल्डकपचं नाव फार तर पहिला आठवडा पुरतं. पुढं सरावात काय करतोस तेवढंच बघतात.

2018 मध्ये तो आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल), गुवाहाटीला नॉर्थईस्ट युनायटेडकडे आला तेव्हा चौतिशीत पोचला होता. आपल्याकडे चौतिशीतल्या फॉरवर्डला बूट टांगायला सांगतात. चेन्नईत 4-3 असा जिंकलेल्या सामन्यात त्याने हॅटट्रिक केली, हंगामात 12 गोल केले, आणि नॉर्थईस्ट पहिल्यांदा प्ले-ऑफला गेली. पुढच्या वर्षी कोच एल्को स्खाटोरी केरळ ब्लास्टर्सला गेले आणि तोही त्यांच्या मागोमाग गेला. तिथं 15 गोल. दोन्हीकडे कर्णधार तोच.

आता मुंबईचं वर्ष. ते तू नीट समजून घ्यावंस म्हणूनच खरं तर हे पत्र लिहायला बसलो. केरळचा कर्णधार, 15 गोल करून आलेला माणूस 2020 मध्ये मुंबई सिटीत आला, आणि तिथं अ‍ॅडम ल फॉन्ड्र हा इंग्लिश फॉरवर्ड त्याच जागेसाठी होता. कोच लोबेरांच्या त्या संघात ओगबेचेची जागा दर सामन्याला पक्की नसायची. कोविडचं वर्ष, सगळे सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये, खेळाडू हॉटेलात कोंडलेले. अशा वेळी बाकावर बसलेला मोठा खेळाडू सगळ्या संघाचं वातावरण नासवू शकतो. तसं करणारे आपण इथंही पाहिलेत, पेठेपेठेत आहेत. ओगबेचेने 8 गोल केले, आणि त्याचं सगळ्यात मोलाचं काम गोलच्या यादीत येत नाही. 13 मार्च 2021, गोव्यातलं फातोर्डा, फायनल, समोर एटीके मोहन बागान, 1-1. नव्वदावं मिनिट. चेंडू त्याच्याकडे आला आणि त्याने तो बिपिन सिंगला दिला. बिपिनने गोल केला आणि मुंबईने लीग शील्डपाठोपाठ (साखळीत पहिलं येण्याचा मान) करंडकही जिंकला.

तो पास पुन्हा बघ. त्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? मला तुझी सवय माहीत आहे. बॉक्समध्ये चेंडू मिळाला की तुला आजूबाजूचं कुणी दिसत नाही. तुझ्या धाकट्या जोडीदाराने त्यावरून किती वेळा हात वर केले ते मी टचलाइनवरून पाहिलंय. हंगामभर कमी संधी मिळालेल्या फॉरवर्डला फायनलच्या शेवटच्या मिनिटाला स्वतःचं नाव लागावं असं वाटणं अगदी साहजिक आहे, तरी त्याची मान वर होती आणि त्याला मोकळा माणूस दिसला. नव्या क्लबात कोच पहिल्या दहा दिवसांत हेच शोधत असतो. गोल करणारे त्याच्याकडे असतातच.

पुढच्याच हंगामात हैदराबाद. त्या वर्षी आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालणार होते. म्हणजे परदेशी फॉरवर्डची जागा आणखी महाग. कोच मानोलो मार्केझनी ती जागा 37 वर्षांच्या माणसाला दिली आणि त्याने 18 गोल करून गोल्डन बूट, म्हणजे हंगामात सर्वाधिक गोलांचं बक्षीस, घेतला. जानेवारी 2022 मध्ये तो एफसी गोवाकडून खेळलेल्या कोरोमिनासला मागे टाकून आयएसएलचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. फायनल पुन्हा फातोर्ड्याला, समोर त्याचाच जुना संघ केरळ. गोव्याच्या साहिल तवोराने शेवटी शेवटी बरोबरी साधली आणि गोव्याच्याच गोलकीपर कट्टीमणीने पेनल्टी शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबाद विजेते. पुढच्या हंगामात आणखी 10 मिळून त्याचे आयएसएलमध्ये 63 गोल झाले. सुनील छेत्रीने तो आकडा मागे टाकला तो थेट 2024 मध्ये.

आता कामाचं. त्या 18 गोलांचे व्हिडिओ काढ आणि आवाज बंद करून बघ. चेंडूकडे बघायचं नाही. क्रॉस, म्हणजे कडेने बॉक्समध्ये टाकलेला चेंडू, यायच्या तीन-चार सेकंद आधी ओगबेचे कुठं आहे ते बघ. स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, पाठीमागच्या खांद्याला, जिथं त्याला चेंडू आणि हा माणूस एकाच वेळी दिसत नाहीत. तो पळतो कमी, कारण लवकर निघतो. आणि पहिल्या टचला शॉट मारतो, सजवत बसत नाही. शाहू स्टेडियमवर तू तीन जणांना चकवलंस की गॅलरी डोक्यावर घेते, ते मलाही आवडतं. पण देशपातळीवरच्या लीगमधला स्टॉपर तुला चौथा टच देणार नाही. ही जागा घ्यायची कला कुठल्याही क्लबात, कुठल्याही भाषेत चालते आणि वय वाढलं तरी जात नाही. वेग जातो. तुझं आज सगळं वेगावर उभं आहे, त्याची मला काळजी आहे. रोज सरावानंतर क्रॉस टाकायला कुणाला तरी थांबव आणि एका टचमध्ये वीस शॉट मार. उजव्यानेही.

दुसरी गोष्ट कागदाची. ओगबेचे कावालात खेळून गेला आणि 2011 च्या उन्हाळ्यात ग्रीसमध्ये मॅच फिक्सिंगचं प्रकरण फुटून तो क्लबच वरच्या विभागातून हाकलला गेला. खेळाडूने कितीही घाम गाळला तरी क्लब पायाखालून निघून जाऊ शकतो. आपल्याकडेही महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाली, पुढच्या वर्षी जेसीटी. पुणे सिटी 2019 मध्ये संपली आणि तिची जागा घेऊन हैदराबाद उभी राहिली. महिंद्राकडून घानाचा युसिफ याकुबू खेळताना ज्यांनी पाहिला, त्यांना तो क्लब कधी बंद होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हणून करार वाचायचा. पगार महिन्याचा किती, कोणत्या तारखेला, दुखापत झाली तर उपचार कोण करणार आणि त्या काळात पगार चालू का, हे लेखी हवं. दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी नोटीस देऊन 15 दिवस थांबायचं आणि तरी मिळाला नाही तर करार मोडायचा अधिकार फिफाच्या नियमात 2018 पासून आहे. भारतात खेळाडूंची संघटनाही आहे, फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया. त्यांचं सभासदत्व घे.

आणि एजंट. फिफाने 2023 पासून एजंटांना परीक्षा आणि परवाना लावलाय, त्यामुळे तुझ्या त्या ‘दादा’ला परवाना क्रमांक विचारायला लाजू नकोस. ट्रायलसाठी पैसे मागणारा माणूस तुझा नाही. आफ्रिकेत या फसवणुकीने किती घरं बुडाली! घरच्यांनी कर्ज काढून पोराला युरोपला धाडायचं, आणि तिथं उतरल्यावर कळायचं की क्लबला त्याचं नावही माहीत नाही. कॅमेरूनचे माजी खेळाडू जाँ-क्लोद म्बवुमाँ यांनी 2000 मध्ये फूट सॉलिडेअर ही संस्था काढली ती पॅरिसच्या रस्त्यावर अशी मुलं भेटू लागली म्हणून. ओगबेचेसारखा एक दिसतो, त्याच्यामागे अशी किती असतील. मूळ कागद, पासपोर्ट, आधार, कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत. झेरॉक्स दे.

तू ही मुलं लांब कुठं नाही, आपल्या कोल्हापुरातच पाहिलीस. हंगामाला येणारे नायजेरियाचे, घानाचे खेळाडू. गोल केला की आपण त्यांना खांद्यावर घेतो, आणि पेनल्टी हुकली की त्याच गॅलरीतून त्यांच्या रंगावरून जे ओरडलं जातं ते ऐकून माझी मान खाली जाते. त्यांच्याशी मैदानाबाहेर बोलणारे तुमच्यात किती होते? खोलीत ते काय शिजवतात, घरी कधी फोन करतात, पगार वेळेवर मिळतो का, कुणी विचारलं? आता तू जाशील तिथं परका तूच असणार. भाषा येणार नाही, जेवण घशाखाली उतरणार नाही, कुणी ‘ए मराठी’ म्हणून हाक मारेल. त्या खोलीत तुझ्याआधी आलेला कुणी परदेशी खेळाडू असेल तर त्याच्याजवळ बस. नव्या गावात पहिला महिना कसा काढायचा हे त्याच्याइतकं तुला मीही सांगू शकणार नाही. पहिल्या आठवड्यात तिथल्या भाषेतले ‘मागे माणूस’, ‘सोड’, ‘वळ’ हे मैदानातले शब्द पाठ कर. किटमन आणि फिजिओचं नाव पहिल्या दिवशी विचारून घे.

कट्ट्यावरच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. एका हंगामाच्या कराराची लाज वाटायचं काहीच कारण नाही. भारतात ओगबेचेनेही सुरुवातीला दर वर्षी नवी जर्सी घातली, आणि चौथी हैदराबादची होती.

सही करायची घाई करू नको. करारपत्राचा फक्त पहिल्या पानाचा फोटो पाठवलायस, मला सगळी पानं हवीत. बोनस आणि करार मोडण्याच्या अटी मागच्या जोडपत्रांत असतात. शनिवारपर्यंत पाठव, माझे एक वकील मित्र आहेत, त्यांच्याबरोबर रविवारी बसून वाचतो आणि संध्याकाळी तुझ्या घरी येतो. आईलाही थांबायला सांग, दुखापतीच्या विम्याचं त्यांच्यासमोरच बोलायचं आहे.

तुझा,
सर