फ्यूज का उडला ते आधी बघा: जुन्या ॲम्प्लिफायरबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी सगळे प्रश्न एकाच जातीचे आलेत म्हणून एकत्रच घेतोय. सेट उघडायच्या आधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि उघडल्यावर आधी मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरच्या (प्लग काढला तरी त्यात चार्ज साठून राहतो) दोन टोकांना १ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिप लावून मिनिटभर जोडून ठेवा. मग मीटर लावून खरंच शून्य झालंय का बघा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका प्लीज.

प्रश्न: वडिलांच्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज लावला की उडतो. मागे T1.6A लिहिलंय, इलेक्ट्रिशियन म्हणाला ५ चा टाकतो म्हणजे टिकेल. टाकू का?

उत्तर: नाही, अजिबात नाही. फ्यूज टिकेल हो, ट्रान्सफॉर्मर टिकणार नाही. माझ्याकडे मध्ये असाच एक सेट आला होता, उडालेल्या फ्यूजवर कुणीतरी तांब्याची तार गुंडाळलेली, झाकण काढलं तर जळक्या व्हार्निशचा वास आणि प्रायमरीवरचा (मेन्सच्या बाजूच्या वाइंडिंगवरचा) कागद काळा ठिक्कर. चाळीस वर्षं जपलेला सेट होता, फार वाईट वाटलं.

आता उडालेला फ्यूज उजेडात धरून बघा. तार मधेच तुटलीय आणि काच स्वच्छ आहे म्हणजे तार थकली असेल किंवा थोडा ओव्हरलोड झाला असेल, असा फ्यूज एकदा बदलून बघायला हरकत नाही. पण काच आतून काळी किंवा आरशासारखी चकचकीत झाली असेल तर आत सरळ शॉर्ट आहे, तुमचा दरवेळी उडतोय म्हणजे बहुतेक हाच प्रकार. मग १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये लावा, म्हणजे सेटचा करंट बल्बमधूनच जाईल असा. सुरू करताना क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तसाच लख्ख पेटत राहिला तर ब्रिजचे (एसीचं डीसी करणारे) डायोड, फिल्टर कॅपॅसिटर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर (आपल्याकडच्या जुन्या सेटमध्ये बरेचदा २एन३०५५ असतो) मीटरने एकेक तपासा, त्यातलंच काहीतरी शॉर्ट सापडतं. ते दुरुस्त झालं की १.६ चाच फ्यूज टाका, आणि तो T अक्षराचाच, म्हणजे स्लो ब्लो. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर खूप जास्त करंट ओढतो, तिथे F म्हणजे फास्ट टाकलात तर सेट चांगला असूनही उडत राहील. दुकानदार "सगळे सारखेच" म्हणतो, ऐकू नका, टोपीवर कोरलेलं वाचून घ्या.

प्रश्न: फ्यूज चांगला, स्विच चांगला, पण सेट पूर्ण डेड. मेकॅनिक म्हणतो ट्रान्सफॉर्मर गेला, रिवाइंडिंग करा.

उत्तर: थांबा जरा. प्रायमरी मीटरवर ओपन (म्हणजे मधे तुटलेली) दाखवत असेल तर आधी तिच्या वायरी जिथे आत जातात तिथली वरची टेप हलक्या हाताने सोडवा. बऱ्याच ट्रान्सफॉर्मरमध्ये तिथे छोटा थर्मल फ्यूज दडवलेला असतो, त्यावर ११५ किंवा १३० असं तापमान आणि अँपिअर लिहिलेले असतात. तो एकदा उडाला की परत जुळत नाही. त्याच तापमानाचा, त्याच अँपिअरचा नवीन घ्या. सोल्डर करताना फ्यूज आणि सोल्डरिंग गनचं टोक यांच्या मधे पाय पकडीने घट्ट धरा, नाहीतर गनच्या उष्णतेनेच नवीन फ्यूज तिथल्या तिथे उडतो, मग परत मीटरने तपासा आणि टेप होती तशी गुंडाळा. फ्यूज काढून वायर डायरेक्ट जोडायचा सल्ला बरेच जण देतात पण रात्री सेट चालू राहिला आणि ट्रान्सफॉर्मर तापला तर अडवायला काहीच उरत नाही, तेव्हा तसं करू नका. वाइंडिंगच काळं पडलेलं असेल तर मात्र रिवाइंडिंगच.

प्रश्न: चालू केल्यावर पूर्वी टक् आवाज यायचा, आता येत नाही आणि स्पीकर बंद. रिले (स्पीकर जोडणारा-तोडणारा स्विच) जंपर करू, म्हणजे तार टाकून बायपास करू?

उत्तर: करू नका! तो रिले स्पीकर वाचवायलाच बसवलेला असतो. आधी रिलेच्या अलीकडे, ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला डीसी मोजा. साधारण ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर सेट बरा आहे, मग रिलेची कॉइल आणि त्याचं सर्किट बघा, कित्येक जपानी सेटमध्ये रिले सांभाळायला µPC1237 हा आयसी असतो. पण तिथे ३० व्होल्ट निघाले तर रिलेने आपलं काम चोख केलंय. जंपर टाकलात तर ८ ओहमच्या स्पीकरमधून जवळपास पावणेचार अँपिअर जाणार, म्हणजे शंभरावर वॅट नुसती उष्णता, व्हॉइस कॉइल काही सेकंदात खलास.

टक् आवाज येतो पण एकाच बाजूचा स्पीकर मधेच बंद पडतो, अशी तक्रार आणखी एकाने कळवलीय, तिथे काँटॅक्ट काळे पडलेले असतात. पॉलिश पेपर घासू नका, वरचा चांदीचा थर जातो. जाड कागदाच्या पट्टीला काँटॅक्ट क्लीनर लावून ओढा, नाहीतर त्याच कॉइल व्होल्टेजचा, त्याच पायांचा नवीन रिले टाका, मला तर तेच जास्त पटतं.

प्रश्न: अमेरिकेहून आणलेला रिसीव्हर चुकून थेट २३० वर लावला, फ्यूज उडाला. पुढे काय?

उत्तर: मागची प्लेट वाचा. व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो २३० वर करा आणि फ्यूज निम्म्या अँपिअरचा टाका, कारण करंट निम्मा होतो, प्लेटवर दोन्ही आकडे दिलेले असतील तर तेच धरा. नुसतं १२० लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, फ्यूज मूळच्या आकड्याचाच, आणि पहिल्यांदा सिरीज बल्ब लावूनच चालू करा.