चेंडू एकदम उजवीकडे का उडतो?

प्रश्न : मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो. वेजने (जवळून उंच फटका मारायच्या क्लबने, म्हणजे काठीने) मारताना चेंडू अधूनमधून काटकोनात उजवीकडे जातो. उपाय सांगा.

उत्तर : हा शँक. चेंडू फेसऐवजी (क्लबच्या सपाट, मारायच्या बाजूऐवजी) होझलला, म्हणजे शाफ्ट (दांडा) जिथे बसतो त्या गोल मानेला लागतो. बरेचजण घाबरून लांब उभे राहतात. त्याने उलट वजन चवड्यांवर जातं आणि हात पुढे फेकले जातात. वजन पावलांच्या मध्यावर ठेवा, पकड सैल करा.

आता क्लब चेंडूमागे टेकवून क्लबच्या टोकापलीकडे बोटभर जागा सोडा, तिथे क्लबचं कापडी कव्हर ठेवा. कव्हरला न शिवता अर्ध्या स्विंगने 20 चेंडू मारा. कव्हर उडालंच, तर खाली येताना कंबर चेंडूकडे सरकतेय का ते आधी पाहा. बहुधा दोष तिथेच असतो.