वाकटीच्या पाठीचा काटा आधी काढा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की लातूरच्या बाजारात स्वस्त दिसली म्हणून किलोभर वाकटी (तो लांब, पट्ट्यासारखा समुद्राचा मासा) आणली, रोहूसारखे तुकडे करून रस्सा केला, तर लेकरांच्या घशाला काटे लागले, घरभर वास सुटला आणि घरच्यांनी पुन्हा आणायची नाही म्हणून बजावलं. माझं माहेर-सासर दोन्ही परभणीचं. नवऱ्याच्या नोकरीपायी अकरा वर्षं रत्नागिरीत काढली आणि तिथं पहिल्या वर्षी माझ्या हातूनही वाकटीचं हेच झालं होतं. शेवटी शेजारच्या काकूंनी मला मिरकरवाडा बंदरावर नेऊन मासा पारखायला शिकवला आणि घरी ओट्याशी उभं करून साफ करून घेतला. म्हणून सांगते, एवढ्यावरून वाकटीला नावं ठेवू नका.

आपला हात बसलाय रोहू-कटल्यावर. जायकवाडीचा नाहीतर विष्णुपुरीचा मासा आणायचा, खवले काढायचे, आडवे तुकडे पाडायचे, झालं. रोहूचे बारीक दुतोंडी काटे मांसातच विखुरलेले असतात, ते काढता येत नाहीत, खाताना जिभेनं शोधावे लागतात. वाकटीचं तसं नाही. तिचे काटे रांगेत आणि जागच्या जागी असतात. मधला कणा, पाठीवरच्या पराखाली (पोहायच्या पातळ झालरीखाली) रुतलेली बारीक काट्यांची लांब ओळ आणि पोटाच्या कडेला खरखरीत टोकं. पाठीची ओळ न काढता आडवे तुकडे केले की प्रत्येक तुकड्यात तिचा एकेक गुच्छ राहतो. तुमच्या लेकरांना तोच टोचला असणार.

आधी मासा कसा घ्यायचा ते. वाकटीला खवले नसतात, अंगभर चांदीसारखा मुलामा असतो. तो आरशासारखा चकाकत असेल तर मासा ताजा. कुठं कुठं बोटाला लागून निघाला असेल तर हरकत नाही, पण पिवळट पडला असेल किंवा पोट फुटलं असेल तर फुकटही घेऊ नका. आपल्याकडे हा मासा रात्रभर बर्फात प्रवास करून येतो, म्हणून पेटीत बर्फ शिल्लक आहे का तेही बघा. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कुणी ‘आजच मुंबईहून आली’ म्हणालं तर निमूट पुढं जा.

घरी आणल्यावर आधी डोकं उडवा. दात सुयांसारखे असतात, मेलेल्या माशाच्या तोंडातही बोट चिरतं. मानेपाशी फडक्यानं धरून विळीवर कापा. शेपटीचं दोरीसारखं टोकही तोडा. मग वीतभर लांबीचे तुकडे करा, अजून लहान करू नका. आता प्रत्येक तुकडा आडवा ठेवून पाठीच्या पराच्या दोन्ही बाजूंनी, पराला चिकटून, सुरीच्या टोकानं लांब चीर द्या, साधारण अर्ध्या बोटाइतकी खोल. पराचं शेपटीकडचं टोक चिमटीत धरून डोक्याकडच्या बाजूला हळूहळू ओढा. काट्यांची अख्खी झालर कंगव्यासारखी बाहेर येते. काकूंच्या हातात ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मला कळलं की इतके दिवस आपण काय खात होतो. ओढताना तुटली तर चीर उथळ झाली समजा आणि पुन्हा द्या. पोटाची कड सुरीनं पातळ कापून टाका.

वासाचं मूळ बरंचसं पोटात असतं. आतडी काढल्यावर पोकळीला काळं पातळ अस्तर दिसेल. ते अंगठ्यानं खरवडून पूर्ण काढायचं, कडूपणाही त्याचाच. कण्याला चिकटलेलं रक्त जुन्या टूथब्रशनं घासून काढा. चांदी खाल्ली तर अपाय नाही, पण दोन दिवसांच्या माशाची चांदी आणि तिच्याखालची चरबी वास धरते, म्हणून आपल्याकडे पोचलेल्या वाकटीची मी जाडं मीठ चोळून काढतेच. लातूरकरांना पाण्याचं मोल मी काय सांगावं, पण इथं जास्त पाणी लागतही नाही. मासा पाण्यात बुडवून ठेवूच नका, मांस भुसभुशीत होतं. दोन तांबे गार पाण्यात काम होतं आणि ते पाणी झाडाला घाला.

आणि चिंच विसरू नका. समुद्राच्या माशाच्या अंगात एक पदार्थ असतो, त्यापासून मासा मेल्यावर ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं. तोच तो ‘मासळीचा’ वास. गोड्या पाण्याच्या माशात तो पदार्थ अगदी थोडा, म्हणून रोहूला असा वास येत नाही. आंबटानं हे अमाइन बांधलं जातं आणि वास दबतो. कोकणात त्यासाठी कोकम घालतात, आपल्याकडे चिंच आहेच. धुतलेल्या तुकड्यांना चिंचेचा घट्ट कोळ, हळद, मीठ आणि लसूण-तिखटाचं वाटण लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तासभर ठेवलं तर मीठ पाणी ओढतं आणि तुकडे मऊ पडतात.

तळायला रवा कशाला? ज्वारीचं पीठ घ्या, त्यात मूठभर तांदळाचं मिसळा. तुकड्यांवर दोन्ही बाजूंनी तिरप्या उथळ खाचा मारा, पिठात दाबून घ्या आणि लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर एकेक बाजू चार मिनिटं होऊ द्या. खालची बाजू सुटल्याशिवाय उलथनं लावायचं नाही. करडईचं तेल असेल तर फार छान. शेपटीकडचे पातळ तुकडे टाकून देऊ नका, ते कडक तळले की लेकरं पापडासारखे खातात.

रश्श्याला भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि काळा मसाला, पण मटणाच्या निम्मा. या माशाची चव नाजूक असते, मसाल्याखाली गुदमरते. दाटपणाला मी चमचाभर येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) घालते. शेंगदाण्याचं कूट मात्र घालू नका, त्यानं मासा ओळखूच येत नाही. रस्सा खळखळून उकळला, चिंच पडली की मग तुकडे सोडा. सहा-सात मिनिटं पुरे. पळीनं ढवळलं की मांस सुटतं, म्हणून पातेलंच दोन्ही हातांनी धरून फिरवायचं. तुम्ही रोहूइतका वेळ शिजवला असेल तर काटे रश्श्यात पसरले ते त्यामुळंही.

पुढच्या खेपेला अर्धा किलोच आणा आणि फक्त तळा. गरम भाकर, कांदा, लिंबू, बाकी काही नको. घरच्यांनी ती खाल्ली की रस्सा त्याच्या पुढच्या रविवारी.